मैदान जनतेचे, हिशेब कोणाचा?

१३ डिसेंबर २०२५ रोजी फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आला आणि थोड्याच वेळात निघून गेला. हजारो रुपये मोजून आलेल्या अनेकांना तो धड दिसलाही नाही. संतप्त प्रेक्षकांनी खुर्च्या उखडल्या, आयोजकाला अटक झाली आणि अरूप विश्वास यांना क्रीडाखाते सोडावे लागले. तिकिटे विकली खासगी आयोजकाने. मोडतोड मात्र सरकारी मालमत्तेची झाली.

डाव्या आघाडीच्या राजवटीत, १९८४ मध्ये खुले झालेले हे स्टेडियम राज्य सरकारचे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठीचे नूतनीकरणही सरकारनेच केले. अशा खर्चावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो, महालेखापरीक्षकांना तो तपासता येतो.

ईडन गार्डन्सचे गणित निराळे. जमीन संरक्षण खात्याची, स्टेडियम बंगाल क्रिकेट संघटनेच्या हाती. २०११ च्या विश्वचषकापूर्वी तेथील काम रखडले आणि भारत-इंग्लंड सामना बंगळुरूला हलवावा लागला. त्या नामुष्कीचा जाब लोकप्रतिनिधींनी कोणाला विचारायचा?

खासगी पैसा आला की सार्वजनिक जोखीम संपते, असेही नाही. पुण्याजवळील गहुंजेचे स्टेडियम महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने बँकांच्या कर्जातून उभारले. नामकरणाचे पैसे थकल्याने २०१३ मध्ये 'सहारा'चे नाव उतरले. २०१८ मध्ये थकबाकीपोटी बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. त्यांत अग्रणी होती ती सरकारी मालकीची बँक ऑफ महाराष्ट्र.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेले राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक महत्त्वाचे ठरते. मूळ मसुद्यात सर्व मान्यताप्राप्त क्रीडा संघटना माहिती अधिकाराच्या कक्षेत होत्या. दुरुस्तीनंतर ती कक्षा सरकारी अनुदान वा अन्य आर्थिक साहाय्य घेणाऱ्यांपुरती उरली. खरी मेख येथेच आहे. धनादेश न घेता सरकारी जमीन वापरणाऱ्या संघटनेला साहाय्य मिळाले असे मानायचे की नाही?

स्टेडियम सरकारने बांधावे की संघटनेने, हा वाद त्यामानाने दुय्यम आहे. सरकारी जमिनीचे भाडे किती, कार्यक्रमाचे उत्पन्न कोणाचे, सुरक्षेची आणि नुकसानीची जबाबदारी कोणाची, हे करारात नमूद असावे आणि तो करार नागरिकांना पाहता यावा. एरवी नफ्याच्या वेळी मैदान खासगी आणि खुर्च्या मोडल्यावर सार्वजनिक, हाच शिरस्ता पडेल.