ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील प्रकारसुरक्षितता व स्थैतिक विश्लेषण

प्रस्तावना : प्रोग्रॅम न चालविता, केवळ त्याच्या संहितेवरून दोष शोधण्याच्या पद्धतीस स्थैतिक विश्लेषण असे म्हणतात. कंपायलर करीत असलेली प्रकारतपासणी हे त्याचेच एक रूप होय. तथापि 'कंपाइल झाला म्हणजे निर्दोष' ही विद्यार्थ्यांची समजूत जावासारख्या भाषेतही टिकत नाही.

उदाहरण : जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. 'फळ' हा मूळ वर्ग आणि 'मोसंबी' व 'डाळिंब' हे त्याचे उपवर्ग मानू. जावामध्ये मोसंबीचा ॲरे फळाच्या ॲरे-चलास देता येतो. पुढे त्याच चलामार्फत त्यात डाळिंब ठेवले, तरी कंपायलर हरकत घेत नाही. प्रोग्रॅम चालू असताना मात्र 'ॲरेस्टोअरएक्सेप्शन' उद्भवते. २००४ मध्ये जावात जेनेरिक्स आले. तेथे मोसंबीची सूची फळांच्या सूची-चलास देणेच कंपायलर नाकारतो. दोष तोच, परंतु तो आधीच्या टप्प्यावर पकडला जातो.

मर्यादा : शून्याने भागाकार, नल संदर्भ असे दोष जावाच्या प्रकारतपासणीतून निसटतात. त्यांसाठी स्वतंत्र विश्लेषक साधने लागतात. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या 'टीआरडीडीसी' या टाटांच्या संशोधन केंद्रात सी भाषेसाठी अशी साधने विकसित झाली. मात्र राइस यांच्या १९५३ च्या प्रमेयामुळे कोणतेही साधन परिपूर्ण असू शकत नाही. ते कधी खोटा इशारा देते, तर कधी दोष सोडून देते.

निष्कर्ष : प्रात्यक्षिक परीक्षेत केवळ अचूक उत्तरास गुण न देता, कोणता दोष कोणत्या टप्प्यावर व का पकडला गेला, हेही विचारले जाणे आवश्यक आहे.