पहिली ट्रॉली घेताना : ओझे कोणाच्या अंगावर?

लेखमाला : बांधापासून काट्यापर्यंत – लेखांक ४

ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर कोणता घ्यावा याचा विचार मागील लेखांकात झाला; प्रस्तुत लेखांकाचा विषय त्या ट्रॅक्टरमागे जोडावयाची ट्रॉली हा आहे. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू किंवा कुंडलचा क्रांती, यांपैकी कोणत्याही कारखान्याच्या कार्यक्षेत्रात पहिल्यांदाच वाहतुकीत उतरणारा तरुण शेतकरी ट्रॅक्टर घेताना चार ठिकाणी चौकशी करतो, कर्जाचे हप्ते ताडून पाहतो, आणि ट्रॉलीची वेळ आली की तीत किती टन ऊस बसतो एवढे विचारून वर्कशॉपला इसार देऊन मोकळा होतो. हंगामातील पुष्कळ अपघातांची आणि मोडतोडीची मुळे ज्या दोन प्रश्नांत असतात, ते प्रश्न, म्हणजे भरलेल्या ट्रॉलीचे ओझे नेमके कोणत्या चाकांवर उतरते आणि धावती ट्रॉली थांबवतो कोण, या घाईत विचारायचेच राहून जातात.

ओढून न्यावयाच्या वाहनांचे मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने दोन प्रकार केले आहेत. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही वाटा ते वाहन स्वतःच्या अंगावर घेते, तो अर्ध-ट्रेलर. आणि त्याखेरीज जे वाहन ओढले जाते, तो ट्रेलर; आपले सर्व वजन आपल्याच चाकांवर पेलणारा पूर्ण ट्रेलर या दुसऱ्या प्रकारात येतो. पुणे–बंगळूर महामार्गावरून कंटेनर किंवा पवनचक्कीची लांबलचक पाती घेऊन जाणारी अवजड वाहने पहिल्या प्रकारची असतात. त्यांच्या पुढच्या घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या ट्रकच्या, मागच्या आक्साच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे एक जाड पोलादी तबकडी बसवलेली असते, ट्रेलरची खुंटी तीत अडकते, आणि या तबकडीलाच पाचवे चाक म्हणतात. अमेरिकेत सहलीसाठी जी चाकांवरची घरे पिकअप ट्रकला जोडतात, त्यांच्यातही हीच रचना असते आणि घराच्या एकूण वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग खुंटीवाटे ट्रकवर यावा असा तेथील दंडक आहे. भार आक्सावरच पडत असल्यामुळे ट्रकचे पुढचे टोक उचलले जात नाही आणि मागील चाकांची पकड मात्र वाढते, हे या रचनेचे सारे मर्म होय.

ट्रॅक्टरच्या हुकाची जागा आक्साच्या वर नसते, ती आक्साच्या मागे असते. एवढ्या एका फरकामुळे ट्रॉलीचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो.

दोनचाकी ट्रॉलीला एकच आक्स असतो आणि तिची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर टेकते, त्यामुळे वजनाच्या वाटपाच्या दृष्टीने ती अर्ध-ट्रेलरच्या जातीची ठरते. बैलगाडीच्या घडणीची, लहान ट्रॅक्टरला जोडली जाणारी टायरगाडी, जिला या भागात अंगद म्हणतात, तीही याच वर्गातली. चारचाकी ट्रॉलीला पुढे-मागे दोन आक्स असतात. पुढचा आक्स दांडीबरोबर वळावा म्हणून साठ्याखाली, म्हणजे ऊस भरावयाच्या सांगाड्याखाली, दोन गोल कड्यांच्या मध्ये छर्रे बसवून फिरते चाक, म्हणजेच टर्नटेबल, केलेले असते, आणि ही ट्रॉली आपले ओझे आपणच पेलते. जुन्या गाडीवानाला या दोहोंतला भेद समजावून सांगण्याची गरज पडली नसती, कारण मोळ्या रचताना गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर जू दाबू नये आणि उलाळ होऊन जू वर उचलू नये ही काळजी तो रोज घेत असे. धुरजड आणि उलाळ हे दोन्ही दोष दोनचाकी ट्रॉलीत जसेच्या तसे राहिले आहेत, फक्त बैल ज्या तक्रारी मान हलवून करीत असत त्या ट्रॅक्टर करीत नाही, आणि चालकाला दोष कळतो तो चढावर पुढची चाके जमीन सोडू लागतात तेव्हा.

हे हिशेबाने पाहणे उचित ठरेल. सुमारे २,२०० किलो वजनाच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर सपाट रस्त्यावर साधारण ८०० किलो भार असतो असे धरले, दोन्ही आक्सांमधील अंतर २ मीटर आणि हूक मागच्या आक्सापासून ६० सेंटिमीटर मागे आहे असे मानले, तर हुकावर १,००० किलो भार टेकताच पुढच्या चाकांवरचे ३०० किलो कमी होतात आणि मागच्या आक्सावर १,००० ऐवजी १,३०० किलो वाढतात. आता हीच ट्रॉली उसासह १० टनांची असून १५ मीटरला १ मीटर चढणारा रस्ता चढत असेल, तर तिला ओढण्यासाठी सुमारे ९०० किलोची ओढ लागते. ही ओढ जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवरच्या हुकातून जात असल्यामुळे पुढच्या चाकांवरचा आणखी सव्वादोनशे किलो भार हलका होतो. चढामुळे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मागे झुकते तेही जमेस धरले, तर मूळच्या ८०० किलोंपैकी जेमतेम पाव हिस्सा पुढे उरतो आणि स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. अशा वेळी गिअर बदलताना क्लच झटक्याने सुटला की उरलेला पाव हिस्साही जातो आणि ट्रॅक्टर मागे उलथतो. पकड मिळावी म्हणून दांडीची पिन नेहमीच्या हुकाऐवजी वरच्या छिद्रात घालण्याची काही चालकांची सवय यासाठीच जिवावर बेतणारी आहे, कारण ओढीची उंची जितकी वाढते तितके पुढचे टोक अधिक हलके होते. पुढच्या बंपरवर लोखंडी वजने लावल्याने काही अंशी तोल सावरतो, परंतु पहिला उपाय ट्रॉलीचा आक्स योग्य जागी असणे हाच होय. वर्कशॉपमध्ये साठा तयार होत असतानाच खरेदीदाराने आक्स साठ्याच्या मध्यापासून किती मागे घेतला आहे हे टेपने मोजून घ्यावे आणि भरलेल्या अवस्थेत हुकावर किती भार येईल याचा जबाब कारागिराकडे मागावा. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत हुकावरच्या भाराची जी मर्यादा दिलेली असते तिच्याशी तो जुळला पाहिजे.

मग चारचाकी ट्रॉली घेतली की प्रश्न मिटला असे वाटेल, पण तसे होत नाही. ती ट्रॅक्टरच्या अंगावर भार टाकत नाही, म्हणूनच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना घसरण्यापासून वाचवणारी अधिकची पकडही देत नाही. कृष्णाकाठच्या खोल काळ्या रानात, अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर, चारचाकी ट्रॉलीपुढचा ट्रॅक्टर जागच्या जागी चाके फिरवत राहतो आणि दुसरा ट्रॅक्टर साखळी लावून पुढे जोडावा लागतो, हे दृश्य दर हंगामात दिसते. याउलट ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी पोहोचल्यावर कडेगाव, खानापूर, कवठेमहांकाळ या भागांत ऊस वाढला, तेथे रान तुलनेने टणक असले तरी कारखान्याचे अंतर अधिक आणि रस्ते चढउताराचे आहेत, म्हणून तेथील वाहतूकदाराला लांब पल्ल्यावर स्थिर चालणारी चारचाकी ट्रॉली सोयीची पडते. ज्या गटातून ऊस भरायचा त्या गटाची जमीन आणि रस्ता पाहून ट्रॉली निवडावी, शेजाऱ्याने कोणती घेतली ते पाहून निवडू नये. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडण्याची सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील रूढ पद्धत पहिल्या हंगामात तरी टाळलेली बरी. मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीच्या वळणाबरोबर आत ओढली जाते, जोडगाडी मागे घेणे जवळपास अशक्य असते, आणि अरुंद पुलावर समोरून एस. टी. आली तर माघार घ्यायला वाट उरत नाही.

थांबण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, म्हणजे दहा टनांचे ओझे अडवण्याचे काम दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरच्या केवळ मागच्या दोन चाकांवर येते. शेतात चटकन वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे दिलेले असतात आणि दोन्ही पॅडल एकत्र जोडणारी एक लहानशी पट्टी असते. नांगरट करताना सोडलेली ती पट्टी रस्त्यावर येताना पुन्हा लावली नाही आणि उतारावर पाय एकाच पॅडलवर पडला, तर एक चाक अडते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागून येणारी ट्रॉली त्याला ढकलत नेते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे हा याच जातीचा दुसरा अविचार आहे, कारण मग इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो आणि सारा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरावा हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेवर चालणारे ट्रॉलीचे ब्रेक बनवून घेता येतात. त्यांचा खर्च वाचवून साठ्याला उंच कठडे आणि रंगीत नक्षी करून घेण्याची प्रथा आहे, तिला नव्या खरेदीदाराने बळी पडू नये.

जुनी ट्रॉली घेणाऱ्याने साठ्याच्या रंगाला न भुलता खाली वाकून पाहावे. दांडी जेथे चासीला जोडलेली असते तेथील वेल्डिंगवर गंजाची बारीक रेघ दिसली, तर तो तडा आहे असे समजून सौदा थांबवावा. चारचाकी ट्रॉलीची पुढची बाजू जॅकवर उचलून दांडी डावी-उजवीकडे हलवली असता टर्नटेबलमध्ये खटखट ऐकू आली, तर छर्रे किंवा कडी झिजलेली आहेत. हबाला बेअरिंगचा खेळ आहे का, स्प्रिंगच्या पाट्यांपैकी एखादा तुटला आहे का, चारही टायर एकाच मापाचे आहेत की दोन रिमोल्ड करून बसवले आहेत, हे तपासायला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. पुष्कळदा आक्स जुन्या ट्रकचा काढून बसवलेला असतो. तसे करण्यात गैर काही नाही, मात्र तो सरळ आहे याची खात्री टायरच्या झिजेवरून करावी, कारण एका कडेने झिजलेला टायर वाकलेल्या आक्साची साक्ष देतो.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून स्वतंत्र होते आणि तिला स्वतःचा क्रमांक मिळतो, मग तो साताऱ्याचा एमएच ११ असो, कराडचा एमएच ५० असो वा सांगलीचा एमएच १०. शिवाय अधिनियमाच्या कलम ६१ नुसार ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रॉलीवर, आणि एकाहून अधिक ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर, दिसला पाहिजे. नोंदणीपत्रात रिकामे वजन आणि भरलेले कमाल वजन अशी दोन वजने लिहिलेली असतात व त्यांतील फरक हीच ट्रॉलीची कायदेशीर क्षमता असते, साठ्यात मावणारा ऊस ही नव्हे. उंच कठडे लावले की रिकामे वजन वाढते आणि तेवढीच क्षमता घटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिक भार नेल्यास २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनास २,००० रुपये असा दंड आहे, आणि ऊस बाजूंनी बाहेर काढून नेल्यास त्याचा दंड वेगळा २०,००० रुपये आहे. एका खेपेत दोन टन जास्त नेऊन मिळणारे भाडे या दंडाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे तो व्यवहार किती आतबट्ट्याचा आहे ते ध्यानात येते. मागे लोंबणाऱ्या वाढ्यांमुळे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले जातात. म्हणून हंगामात कापडी रिफ्लेक्टर मोळ्यांच्या बाहेरून बांधावा लागतो आणि तो प्रत्येक खेपेला नव्याने बांधावा लागतो.

विम्याच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ट्रॅक्टरचा विमा उतरवला म्हणजे ट्रॉलीचाही उतरला असे होत नाही. पॉलिसीत ट्रॉलीचा क्रमांक स्वतंत्रपणे लिहून घ्यावा लागतो. त्यातही ट्रॉली मालवाहतुकीसाठी असल्यामुळे तीत बसलेल्या माणसांना प्रवासी म्हणून संरक्षण मिळत नाही. बीड किंवा जतच्या पूर्व भागातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपली भांडी, शेळ्या, तान्ही मुले यांसह ट्रॉलीत बसून फडावर येतात आणि कित्येकदा भरलेल्या उसाच्या वर बसून कारखान्याच्या अड्ड्यापर्यंत जातात. ट्रॉली उलटली तर त्यांच्या घरच्यांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि भरपाईचा बोजा अखेर वाहनमालकावर येऊ शकतो. टोळी आणताना आणि परत पाठवताना तिच्यासाठी वेगळे प्रवासी वाहन ठरवण्याचा खर्च वाहतुकीच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा. तो धरलेला नसतो म्हणूनच हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीचा फाळका उघडतो आणि माणसे आत चढतात.

टोळीशी होणारा व्यवहार, मुकादमाला दिली जाणारी उचल, ती बुडाल्यास जामीनदारांवर येणारी जबाबदारी आणि कारखान्याशी करावयाचा वाहतूक करार यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.