आधी उघडून दाखवा!

२०२४ चा दसरा. १२ ऑक्टोबर, शनिवार. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून घेत मी यवतमाळ गाठलं आणि तिथून लाल डब्यातून करंजीमार्गे मारेगावला, म्हणजे माझ्या आजोळी पोचले. मामांचा कापसाचा धंदा. त्यामुळे दसऱ्याची पूजा एकदम थाटात! देवघरासमोर पाट, पाटावर विळा, कुऱ्हाड, हिशेबाच्या वह्या, वजनकाटा आणि मधोमध झेंडूच्या फुलांत मामांचं रिव्हॉल्व्हर. बत्तीस बोअरचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, रीतसर लायसन्सचं. बाजूला मांडी घालून बसलेला मामांचा नातू. वय वर्षं पाच. हळदीकुंकवाचं बोट कधी एकदा त्या काळ्या वस्तूवर टेकवतो, असं झालेलं.

मी सहज विचारलं, ‘मामा, यात गोळ्या नाहीत ना?’

‘खाली हाये वो माय. तू कायले भेतं?’

एरवी मी ‘ओके’ म्हणून पुरणपोळीकडे वळले असते. पण दोनच आठवड्यांपूर्वी एका फीचरसाठी मी पुण्यातल्या एका शूटिंग रेंजवर गेले होते. तिथल्या कोचने पिस्तूल हातात द्यायच्याही आधी एक वाक्य पाठ करून घेतलं होतं : ‘रिकामं आहे’ असं कुणीही सांगितलं तरी ऐकायचं नाही. स्वतः उघडून बघायचं.

‘मग उघडून दाखवता?’

मामा हसले. ‘पुण्याची पोरगी’ वगैरे टोमणा मारून त्यांनी सिलिंडर बाजूला काढला. आत पितळेचे पाच गोल बुंधे चमकत होते. पाच!

मामींनी काही न बोलता नातवाला उचललं आणि आत नेलं. मामा बराच वेळ त्या काडतुसांकडे बघत राहिले. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी सीझनमध्ये वणीहून रात्री कॅश घेऊन येताना भरल्या होत्या. ‘काढल्या होत्या ना मी...’ एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

हिरोच्या घरची पहाट

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आलंय रिव्हॉल्व्हर? बरोबर आहे. पण कुणाच्या काकांकडे असतं, कुणाच्या बिल्डर मित्राच्या गाडीत असतं, कुणाच्या आजोबांची जुनी बारा बोअर माळ्यावर असते. पार्टीत कुणीतरी ‘बघ ना, हात लावून बघ’ म्हणतो. त्या क्षणी काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

त्याच महिन्याची १ तारीख आठवते? पहाटे अभिनेता गोविंदा याच्या जुहूच्या घरी त्याचंच लायसन्सचं रिव्हॉल्व्हर सुटलं आणि गोळी पायात घुसली. कोलकात्याला निघायच्या तयारीत तो रिव्हॉल्व्हर ठेवत होता, ते हातातून निसटून पडलं, असं त्याच्या मॅनेजरने सांगितलं. पुढचे दोन दिवस मोबाइलवर नुसते जोक्स. ‘पडल्यावर कुठे गोळी सुटते का राव?’ असं विचारणारे माझ्या ग्रुपमध्येही होते.

तर उत्तर आहे : हो, सुटू शकते. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागचा हॅमर, काडतुसाच्या बुंध्यावर आपटला की गोळी सुटते. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा घोडा भरलेल्या काडतुसाला जवळपास टेकूनच असतो. ते घोड्यावर आपटलं की ट्रिगर न दाबताही काम तमाम! म्हणूनच सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या भरायच्या आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, अशी जुनी सवय होती. नव्या मॉडेल्समध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये पट्टीची सोय असते, ट्रिगर पूर्ण दाबल्याशिवाय फटका बसत नाही. पण तुमच्या हातातल्या हत्यारात ती आहे की नाही आणि असली तरी झिजलीय का, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून ते शस्त्रांच्या जाणकार कारागिराला दाखवायचं.

पिस्तुलाची गोष्ट आणखी फसवी. खालून मॅगझिन काढलं की लोकांना वाटतं, झालं रिकामं. पण एक गोळी आधीच वर चेंबरमध्ये चढलेली असू शकते. म्हणून क्रम ठरलेला : आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर बोटाने चाचपायचं. क्रम उलटा केलात तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी वर चढते, आणि तुम्ही मात्र निवांत!

‘टिक’ आणि ‘फुस्स’

मशीन म्हटलं की बिघाड आलाच. अगदी ऑलिम्पिकमध्येही. २५ जुलै २०२१ ला टोकियोमध्ये दहा मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाने दगा दिला. दुरुस्तीत जवळपास वीस मिनिटं गेली. परत येऊन तिने ५७५ गुण मारले, बारावी आली आणि फायनल दोन गुणांनी हुकली. सगळ्या देशाने हळहळ व्यक्त केली. पण एक गोष्ट बघा, त्या बिघाडात कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कारण रेंजवर बिघाडाचीही शिस्त असते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेमबांगला ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात एशियन गेम्सचं गोल्ड मारलं, त्या प्रकारात पिस्तूल अडकलं तर नळी टार्गेटकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत थांबायचं, असा नियम आहे. पिस्तूल डोळ्यांसमोर धरून ‘काय झालं बरं?’ असं नळीत डोकावणारा तिथे एका मिनिटात बाहेर!

घरगुती हिशेबात दोनच आवाज लक्षात ठेवा. पहिला, नुसता ‘टिक’. ट्रिगर दाबला, गोळी सुटली नाही. याचा अर्थ गोळी फुकट गेली असा नाही. कधीकधी आतली दारू उशिरा पेट घेते. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद गप उभं राहायचं. रिव्हॉल्व्हरवाल्यांनी घाईने पुन्हा ट्रिगर ओढायचा नाही, कारण सिलिंडर फिरतो, ते रुसलेलं काडतूस नळीसमोरून सरकतं आणि मग पेटलं तर गोळीला बाहेर जायला वाटच नसते.

दुसरा आवाज, ‘फुस्स’. नेहमीचा धमाका नाही, झटका नाही. हा सगळ्यात डेंजर. काडतुसात दारू कमी असेल किंवा नसेलच, तर बुंध्यातली टोपी, म्हणजे प्रायमर, गोळीला जेमतेम नळीत ढकलते आणि गोळी तिथेच अडकते. मागून दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. ‘फुस्स’ ऐकू आलं की खेळ खल्लास. रिकामं करायचं आणि थेट जाणकाराकडे.

मामांच्या त्या पाच काडतुसांकडे मग मी नीट पाहिलं. दोघांच्या कडेला हिरवट थर होता. बाकीची चामड्याच्या पट्ट्यात दोन पावसाळे काढलेली. चामडं ओल धरतं, पितळ गंजतं आणि वर हत्याराला सढळ हाताने तेल चोपडलं की ते प्रायमरमध्ये झिरपून काडतूस मुकं होतं. म्हणजे जिवावर बेतल्यावर जे वाजायला हवं, ते वाजणार नाही आणि देवघरात जे वाजायला नको, ते वाजेल. काय सॉलिड सुरक्षा!

अर्ध्या पैशात भरून मिळेल...

दुपारी जेवताना मामांनी आणखी एक बॉम्ब टाकला. बाजारात कुणीतरी म्हणे रिकाम्या केस अर्ध्या पैशात भरून देतो. मामांचा विचार चालू होता. यावर आजीच आधी कडाडली.

मारेगावच्या माणसाला हातभराईचं वेगळं सांगायला लागत नाही. कापूस, तूर, हरभरा म्हटलं की रानडुक्कर आणि रोही आलेच. रात्रीची जागल आली आणि जागलीबरोबर भरमार बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक राखण्यासाठी भरमार बंदुकीच्या लायसन्सची वेगळी तरतूद आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, ठासायची, छर्रे घालायचे. सगळा मामला अंदाजपंचे! आजीच्या माहेरी एकाने रात्री झोपेत एकदा भरलेली बंदूक पुन्हा भरली होती. पहाटे डुकरावर चाप ओढला तेव्हा नळी फुटली आणि दोन बोटं गेली. डुक्कर शाबूत.

काडतुसाचंही तेच आहे, फक्त छोट्या जागेत. एक लक्षात घ्या, गोळी म्हणजे काडतूस नव्हे. काडतूस म्हणजे पितळी केस, बुंध्यात प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. आजची बिनधुराची दारू इतकी थोडी लागते, की लहान केसमध्ये चुकून दुप्पट पडली तरी बाहेरून कळत नाही. दुप्पट पडली तर सिलिंडर फाटतो, पडलीच नाही तर ‘फुस्स’. गोळी केसमध्ये प्रमाणापेक्षा आत बसली तर दाब वाढतो. प्रायमर वर राहिला तर सिलिंडर फिरताना अडतो. आणि काळ्या दारूच्या भरमारीत कुणी ही नवी दारू ओतली, तर देवच वाली.

परदेशात हौशी नेमबाज घरी काडतुसं भरतात, पण तिथे तोळ्यामाशाचा काटा असतो, एका वेळी टेबलावर एकच दारू असते आणि प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघतात. तरीही चुका होतात. आपल्याकडे तर दारूगोळा बनवायला शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार लायसन्स लागतं. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. तिथल्या काडतुसाला किंमत असते ती मोजमापाची आणि तपासणीची. बाजारातल्या ‘अर्ध्या पैशात’ नेमका तोच अर्धा भाग गायब असतो.

कमरेला लावलं म्हणजे झालं?

फिल्मी स्टाइलने पॅंटमध्ये खोचलेलं पिस्तूल दिसायला भारी. पण ट्रिगर उघडा असतो आणि शर्टाची घडी, किल्ली, पर्सची चेन यातलं काहीही त्यात अडकू शकतं. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं, त्याच मापाचं होल्स्टर हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरसारख्या कव्हरमध्ये आणि ताब्यात हवी, असं म्हटलंय. याच नियमांनी लायसन्ससाठी शस्त्र हाताळणीचं ट्रेनिंग आणलं, शिवाय घरी शस्त्र सुरक्षित ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. मामांचं लायसन्स त्याच्या खूप आधीचं. शिकवणी शून्य! आणि वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठी खास बातमी : २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

लक्षात ठेवा बॉस!

• प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे, असं समजा. पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच रिकामं केलं असलं तरी.
• ज्याला इजा व्हायला नको, त्याच्याकडे नळी वळवू नका. पूजेतसुद्धा.
• झाडायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.
• निशाण्याच्या मागे काय आहे, ते आधी बघा. भिंतीपलीकडे शेजारी असतात.
• निसटलेलं हत्यार झेलायला जाऊ नका. घाईत बोट हमखास ट्रिगरवर जातं.
• हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. उशीखाली, गाडीच्या कप्प्यात, साड्यांच्या घडीत नाही.
• दोन पेग झाले की त्या कपाटाकडे फिरकायचं नाही.

आबा, उघडून दाखवा

दसऱ्यानंतर तीनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. लायसन्सची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायच्या यादीत मामांचंही नाव होतं. मी फ्रीलान्सर, त्यामुळे मुक्काम वाढलेलाच होता. मामांच्या मागे स्कूटरवर बसून मीही गेले. टेबलावर ठेवायच्या आधी मामांनी न सांगता सिलिंडर उघडला, सहाही रिकामी घरं समोर धरली आणि मग रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. पण मला कळलं.

निकाल लागले, रिव्हॉल्व्हर घरी आलं, ते दोन कुलपांत गेलं. किल्ल्या मामींच्या कमरेला. मामांना ते हवं असेल तर मामींसमोर उघडायचं, परत ठेवताना पुन्हा उघडायचं. ‘उघडून दाखवा, मंग बोला,’ हा मामींचा नवा कायदा.

२ ऑक्टोबर २०२५. पुन्हा दसरा, पुन्हा मारेगाव, पुन्हा तोच पाट. या वेळी रिव्हॉल्व्हर सिलिंडर उघडा ठेवून मांडलं होतं, नळी भिंतीकडे. नातू आता सहा वर्षांचा. पूजेला बसायच्या आधी तो लांबच उभा राहिला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला,

‘आबा, आधी उघडून दाखवा!’

सिलिंडर समोर उघडाच होता. तरीही मामांनी तो उचलून त्याला एकेक घर दाखवलं. सहाच्या सहा.