सहा तासांतला घाट

हौशी सायकलपटू एखाद्या शर्यतीत नाव नोंदवतो, तेव्हा त्याची पहिली काळजी वेळेची असते. पुण्या-मुंबईतली नोकरी, जाण्यायेण्यात मोडणारे दोन तास, मुलांचा अभ्यास, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधं, लग्नसराई, सणवार. या सगळ्यातून सरावाला आठवड्याचे दहा-बारा तास काढायचे कुठून? व्यावसायिक सायकलपटू आठवड्याला वीस-पंचवीस तास सायकलवर असतात हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं, त्यामुळे दहा तासही त्याला कमीच वाटतात. मग तो, ज्याबद्दल घरात कोणी तक्रार करणार नाही, त्यावर कात्री चालवतो. ती म्हणजे झोप. गजर चारचा लागतो, रात्रीचं झोपणं मात्र बाराचंच राहतं. माझं म्हणणं असं, की नोकरदार, संसारी माणसाने तास वाढवण्याच्या मागे लागूच नये. झोपेला आणि घराला धक्का न लावता जेवढे तास उरतात, बहुतेकांच्या बाबतीत ते सहाच्या आसपास असतील, तेवढेच आपले समजावेत आणि त्या तासांना पेलेल अशी शर्यत निवडावी. हा सल्ला ऐकायला मिळमिळीत वाटतो, पण त्याच्यामागे चांगला भक्कम पुरावा आहे.

शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 ते 1985 या काळात एकापाठोपाठ तीन प्रयोग केले. व्यायामशास्त्राच्या वर्गाबाहेर ते फारसे कोणाला माहीत नाहीत, पण वेळ कमी असलेल्या माणसाने वाचावेत असे तेच आहेत. आधी सगळ्यांकडून दहा आठवडे कसून व्यायाम करून घेतला: आठवड्याचे सहा दिवस, रोज 40 मिनिटं, काही दिवस सायकल आणि काही दिवस धावणं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्यामुळे भरपूर वाढली. मग प्रश्न असा, की ही कमाई टिकवायला किमान किती लागतं? पहिल्या प्रयोगात दिवस कमी केले, सहाचे चार किंवा दोन. पंधरा आठवड्यांनंतरही क्षमता जवळपास तशीच राहिली. दुसऱ्यात दिवस सहाच ठेवून रोजची मिनिटं 26 किंवा 13 वर आणली, तरीही ती टिकली. तिसऱ्यात दिवस आणि मिनिटं दोन्ही तशीच ठेवली, फक्त जोर एक तृतीयांशाने किंवा दोन तृतीयांशाने घटवला, आणि मिळवलेलं ओसरू लागलं. म्हणजे दिवस कमी झाले तर शरीर चालवून घेतं, मिनिटं कमी झाली तरी बरंच चालवून घेतं, जोर कमी झालेला मात्र त्याला खपत नाही. आपले बहुतेक हौशी सायकलस्वार नेमकं उलटं करतात. गप्पा मारत, चहा-पोह्यांसाठी थांबत चार तासांची राईड होते, ॲपवर 80 किलोमीटरचा आकडा झळकतो आणि आठवडा सत्कारणी लागल्याचं समाधान मिळतं. त्या राईडमध्ये गंमत आहे, मैत्री आहे, पोहेही चांगले असतात. शर्यतीची तयारी तिच्यात थोडी असते.

याच दिशेचा दुसरा पुरावा कॅनडातला. मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने 2006 साली दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांनी दोन आठवड्यांत सहा वेळा व्यायाम केला. एका गटाने प्रत्येक वेळी मध्यम गतीने 90 ते 120 मिनिटं सायकल चालवली. दुसऱ्याने फक्त 30 सेकंद, पण जीव तोडून, मग चार मिनिटं विसावा, असं चार ते सहा वेळा केलं. विसाव्यासकट दोन आठवड्यांचे एकूण तास मोजले तर पहिल्याचे साडेदहा, दुसऱ्याचे अडीच. स्नायूंमधले बदल आणि प्रत्यक्ष कामगिरीतली सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखी निघाली. या निष्कर्षावर पुढे ‘दहा मिनिटांत तंदुरुस्ती’ छापाचे मथळे आले. त्यांना फसू नये. प्रयोगातले तरुण नियमित सराव करणारे खेळाडू नव्हते, आणि दोन आठवडे हा काळ थोडाच. आधीपासून तयार असलेल्या शरीराला तीस सेकंदांच्या झटक्यांतून तेवढा लाभ कितपत पुरतो, हा रास्त प्रश्न आहे. लान्स आर्मस्ट्राँगचे प्रशिक्षक म्हणून गाजलेले ख्रिस कार्मायकल यांनी कमी वेळ असलेल्यांसाठी आठवड्याला सुमारे सहा तासांची पद्धत 2009 मध्ये पुस्तकरूपात मांडली, तेव्हा तिची मर्यादाही सांगितली होती: अशी तयारी काही आठवडे उत्तम टिकते, मग उतरते, आणि ती लांबलचक अंतरांसाठी नाही.

सहा तासांचा आठवडा मग कसा दिसेल? दोन दिवस एकेक तासाचे, खऱ्या जोराचे. पुण्यात राहणाऱ्याला कात्रज किंवा बोपदेव घाट जवळ आहे. ज्याला घाट नाही, किंवा ज्याच्या दारात पहाटेपासूनच डंपर फिरतात, त्याने घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल लावावी. चार-पाच मिनिटांचे चार-पाच तुकडे, बोलता येणार नाही इतक्या जोराने, मधे तेवढाच विसावा. रविवारी एक लांब राईड, अडीच-तीन तासांची. उरलेला तास-दीड तास अगदी हळू. हळू म्हणजे खरोखर हळू, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असं. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी नामांकित खेळाडूंच्या सरावनोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की त्यांच्या दर पाचांतली चार सत्रं हलकी असतात आणि एखादंच फार कठीण. आपल्यासारख्यांना हे प्रमाण जसंच्या तसं उचलता येत नाही, कारण आठवड्याला सत्रंच चार. पण त्यातला धडा उपयोगी आहे. धड जोराची नाही, धड हलकी नाही अशी मधली गती थकवा देते आणि बदल्यात फार काही देत नाही. ऑफिसला सायकलने जाणाऱ्यांची ये-जा या हलक्या खात्यात धरावी. सिग्नलला थांबत, बसच्या धुरात जोर काढायला जाणं आरोग्याच्याही विरोधात आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो निश्चयाचा. ज्याला करायचं आहे तो चारला उठतोच, बाकी सबबी. पण निश्चयाने शरीराचं गणित बदलत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डॉन्गन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं. सहा तास आणि त्याहून कमी झोपणाऱ्यांची सावधानता दिवसेंदिवस घसरत गेली, इतकी की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाशी तुलना व्हावी. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ही घसरण त्यांना स्वतःला फारशी जाणवत नव्हती. आपल्याला याची सवय झाली, असंच त्यांना वाटत होतं. सहा तासांच्या झोपेवर भागतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचं म्हणणं म्हणूनच पुरावा धरता येत नाही. आणि अशा माणसाला घाट चढायचा तर असतोच, उतरायचाही असतो. ओल्या वळणावर समोरून ट्रक येतो तेव्हा ब्रेकवर बोटं किती लवकर जातात, हे मांड्यांवर ठरत नाही.

कामाच्या ताणाचंही असंच आहे. संशोधक सॅम्युएल मार्कोरा यांच्या 2009 च्या प्रयोगात सोळा जणांनी एकदा नव्वद मिनिटं डोक्याला शीण आणणारं काम केलं आणि एकदा तेवढाच वेळ निवांत माहितीपट पाहिले. दोन्ही वेळा त्यानंतर ठरावीक जोरावर थकून थांबेपर्यंत सायकल चालवली. माहितीपटानंतर ते सरासरी 754 सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर 640. हृदयात किंवा स्नायूंत हा फरक समजावून सांगेल असं काही सापडलं नाही. सायकल चालवणं जड मात्र वाटत होतं. महिनाअखेरीचा हिशेब बंद करून रात्री नऊला ट्रेनरवर बसणाऱ्याला आकडे पडलेले दिसतात आणि तो स्वतःला आळशी ठरवतो. त्या दिवशी जोराचं सत्र उद्यावर ढकलणं हा आळस नव्हे, सरावच आहे. अर्थात ढकलण्याची सवय लागते हेही खरं. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीलाच कामाच्या तारखा समोर ठेवून जोराचे दोन दिवस ठरवावेत. ढकलायला वेळच येऊ नये.

आता घराकडे येऊ, कारण या विषयावर बोलताना लोक तिथून हळूच सटकतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि जे पुरुष ते करत होते, ते 97. मुळात एखाद्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाण साधारण चारांत एक होतं. नवरा रविवारी पाच तास लोणावळ्याकडे असतो तेव्हा त्या पाच तासांत नाश्ता, मुलांच्या आंघोळी, सासऱ्यांची गोळी हे सगळं कोणीतरी करत असतं. ते तास हवेतून आलेले नसतात. मुंबईतली एखादी बँक कर्मचारी स्वतः सायकलपटू असेल तर तिच्यासाठी तेवढे तास काढणारं घरात बहुधा कोणीच नसतं, आणि शर्यतींच्या यादीत बायका कमी दिसण्याचं एक कारण तिथंच शोधावं लागेल. सहा तासांची मर्यादा इथेही कामाची आहे. ती आधीच ठरलेली असली की घरातल्यांना आठवड्याचा अंदाज येतो, आणि जोडीदारालाही स्वतःचे सहा तास मागता येतात.

एवढं ऐकूनही कोणी नाशिकच्या महाजन बंधूंचं नाव घेईल. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली, दवाखाना सांभाळून. पुढे 2017 मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. ही माणसं थोर आहेत यात वाद नाही. पण ती उदाहरणं आपल्यापर्यंत पोहोचली कारण ती यशस्वी झाली. अर्ध्यावर संसाराने किंवा गुडघ्याने ज्यांना थांबवलं, त्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत. शिवाय अशा शर्यतीत मागून गाडी, जेवण, दुरुस्ती, रस्ता दाखवणं पाहणारी माणसं असतात. अपवादावरून इतरांच्या आठवड्याचा आराखडा करू नये.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि त्यात तथ्य आहे. हिक्सन यांच्या 13 मिनिटांच्या गटाची कमाल क्षमता टिकली, पण दोन-दोन तास दम धरून ठेवण्याची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटली. लांब अंतराला लांब सरावाची गरज असते, त्याला पळवाट नाही. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पारिझियेंच्या नियमांनी आपल्याकडे होणाऱ्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या लांब राईड, घ्या: 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. सहा तासांच्या आठवड्यावर 200 चं अंतर बऱ्याच जणांना झेपेल. 600 झेपवायला मधले टप्पेच सराव म्हणून करावे लागतील, म्हणजे वर्षातले काही शनिवार-रविवार सरळ गेले. पुणे ते गोवा 643 किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ त्याच जातीची. उलट एखाद्या घाटाची चढाई, तास-दीड तासाची स्पर्धा किंवा मुंबई-पुणे शर्यतीसारखी तीन-चार तासांची धाव सहा तासांना शोभते. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरवणारी चढण जोराच्याच सरावाला फळ देते. ज्याची मुलगी यंदा दहावीला आहे त्याने यंदा घाट निवडावा. 600 कुठे जात नाही.

आपला हंगाम पावसाळा सरल्यावर, थंडीत भरतो. पावसाळ्याचे महिने ट्रेनरवर जोराच्या तुकड्यांत जातात, मग गणपती, नवरात्र, दिवाळी नेमकी तयारीच्या ऐन भरात येतात आणि काही सत्रं बुडतातच. त्यानंतर घाबरलेला माणूस शर्यतीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळी भरपाई करायला निघतो. संशोधक लॉरेंट बॉस्के यांनी 2007 साली अशा शेवटच्या टप्प्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात सर्वाधिक लाभ दिसला तो सुमारे दोन आठवडे सराव 41 ते 60 टक्क्यांनी कमी करणाऱ्यांना. जोर आणि दिवस मात्र तेच ठेवून. सहा तासांवर चालणाऱ्याचे त्या पंधरवड्यात आठवड्याला तीनच उरतात. बुडालेली सत्रं बुडाली, असं म्हणून मोकळ्या झालेल्या तीन तासांत झोपावं, आणि राहिलेला फराळ संपवायला मदत करावी.