खतावणी भाड्याच्या गोदामात, किल्ली कुणाकडे?

नगरच्या कापड बाजारात पूर्वी रोजमेळ आणि खतावणी गल्ल्याशेजारीच असे. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, बाजारात तोंडी मात्र अजून नगरच.) आता बिले संगणकावर निघतात आणि वही 'क्लाउड'वर जाते. क्लाउड म्हणजे आकाशातले काही नव्हे, भाड्याने घेतलेले दुसऱ्याचे संगणक. भाडे आपण वेळेवर देतो, पण त्या गोदामाची किल्ली कशी सांभाळतात हे विचारणारे आम्हाला क्वचितच भेटतात.

शेकडो ग्राहकांचे संगणक चालू-बंद करणे, जागा वाटणे, पासवर्ड बदलणे ही कामे कंपनी एकाच व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधून करते. अशा सॉफ्टवेअरचा जुना रोग म्हणजे 'एसक्यूएल इंजेक्शन'. माहितीच्या साठ्याला हुकूम देण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. समजा, गोदामाच्या मुनिमाला चिठ्ठी दिली की अमुक नावाचा माल दाखवा. नावाच्या जागी एखाद्या लबाडाने लिहिले, 'अमुक, आणि साऱ्या किल्ल्या द्या.' भोळा मुनीम नाव कोणते, हुकूम कोणता हे न पाहता किल्ल्या देऊन मोकळा होतो. सॉफ्टवेअर असेच फसते. 1998 पासून हा दोष जाहीर आहे. हुकूम आधी पक्का करायचा आणि टाइप केलेला मजकूर फक्त नाव म्हणून वाचायचा, हा उपायही जुनाच. तरी घाईघाईने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तो राहतोच. आळस, दुसरे काय!

2023 मध्ये फायली पाठवण्याच्या 'मूव्हइट' सॉफ्टवेअरमधल्या याच दोषातून 'क्लॉप' टोळीने चोरी केली. झळ दोन हजारांहून अधिक संस्थांना बसली. त्यातल्या कित्येकांनी ते सॉफ्टवेअर घेतलेच नव्हते, त्यांचे काम करणाऱ्या कंपनीकडे ते होते. आपल्या देशात जुलै 2024 मध्ये सी-एज कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे तीनशे छोट्या बँकांचे पेमेंट काही काळ अडले. तो हल्ला निराळ्या जातीचा, खंडणीचा होता, पण तिथेही घाव एका कंपनीवर आणि खोळंबा शेकडो ठिकाणी.

उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, फोन, बाकी सारे असते. ती त्याची अमानत आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही, काम दुसऱ्याला दिले तरी, जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावरच टाकली आहे. म्हणून बिलाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला बांधवांनी विचारावे: वही कुठे ठेवता? शेवटची दुरुस्ती कधी बसवली? चोरी झाल्यास किती तासांत कळवाल? आणि आठवड्यातून एकदा वहीची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन, ती संगणकापासून काढून तिजोरीत ठेवावी.