मॉडेल रॉकेटचा गोंद आणि किट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छंद म्हणून उडवली जाणारी मॉडेल रॉकेटे कागदी नळी, बाल्सा हे अत्यंत हलके लाकूड आणि प्लास्टिकचे निमुळते टोक एवढ्याच सामग्रीतून तयार होतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑर्व्हिल कार्लाइल आणि जी. हॅरी स्टाइन यांनी अमेरिकेत या छंदाची पायाभरणी केली, तेव्हापासून हलकेपणा हे त्याचे मूलतत्त्व राहिले आहे. गोंद निवडताना मात्र नेमका त्याचाच विसर पडतो.

गोंद जितका जहाल तितके रॉकेट मजबूत, हा सर्वांत रुजलेला गैरसमज होय. त्यापोटी अनेक नवशिके एपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर कठीण होणारी राळ (आपल्याकडील अ‍ॅराल्डाइट त्याच जातीचे), सढळ हाताने वापरतात. वस्तुतः फेविकॉलसारखा पांढरा गोंद कागदाच्या व लाकडाच्या तंतूंत शिरून वाळतो आणि नीट वाळलेला असा सांधा ओढून तोडला, तर गोंद सुटण्याआधी कागदाचा थर किंवा लाकूडच फाटते. त्यामुळे एपॉक्सीची जादा ताकद तेथे कामालाच येत नाही. तिचे वजन मात्र शेपटाकडे साचते. रॉकेट सरळ उडण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य, हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटल्यासारखा असतो त्या दाबकेंद्राच्या पुढे, किमान नळीच्या एका व्यासाइतका असावा लागतो, आणि पंखांच्या मुळाशी थापलेला जड गोंद गुरुत्वमध्य मागे खेचून हे अंतर कमी करतो. फायबरग्लास, धातू किंवा मोठी, शक्तिशाली रॉकेटे यांसाठी मात्र एपॉक्सीच योग्य.

गोंदाचा जाड थर म्हणजे पक्का सांधा, असेही नाही. बाल्साचा पंख चिकटवताना त्याच्या कडेला आणि नळीवरील रेषेला पातळ थर देऊन तो वाळू द्यावा, मग दुसरा पातळ थर लावून पंख दाबून धरावा. पहिल्या थराने तंतूंची छिद्रे भरलेली असल्याने दुसरा थर लवकर पकड घेतो. त्यापूर्वी लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर आहेत ना, हे पाहावे, कारण आडव्या रेषांचा पंख कोणत्याही गोंदाने वाचत नाही.

सुतारकामाचा पिवळा गोंद पांढऱ्यापेक्षा लवकर धरतो, पण हा गुण सर्वत्र उपयोगी ठरत नाही. रेटा देणारी, जळण भरलेली मोटर बसवण्याची कडी नळीत सरकवताना तो मध्येच धरला, तर कडी अर्ध्या वाटेवर कायमची अडकते. म्हणून गोंद कडीला न लावता नळीच्या आत लावून कडी न थांबता एका दमात आत ढकलावी. फेविक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद क्षणात चिकटतो, परंतु त्याचा सांधा ठिसूळ असून जमिनीवर उतरतानाच्या धक्क्याने पंख निखळू शकतो. मैदानावरच्या तात्पुरत्या दुरुस्तीला तो उत्तम, मात्र सुती कापडावर किंवा कापसावर सांडल्यास तो भाजण्याइतका तापतो, हे ध्यानात ठेवावे. प्लास्टिक मॉडेलचा सिमेंट हा पॉलिस्टायरीन विरघळवून जोडणारा द्रव असल्याने कागद-लाकडावर तो निरुपयोगीच.

किट निवडताना मोठे व भारी तेच चांगले, असे मानले जाते. खरे तर वेष्टनावरील कौशल्यपातळी आणि सुचवलेल्या मोटरी आधी पाहाव्यात. बी६-४ या खुणेत बी हे अक्षर मोटरचा एकूण आवेग, म्हणजे रेटा आणि काळ यांचा गुणाकार, दाखवते. ६ हा न्यूटनमधील सरासरी रेटा आणि ४ हे, जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलले जाईपर्यंतचे सेकंद. ए गटाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, बीची ५ आणि सीची १०, म्हणजे प्रत्येक अक्षरागणिक ती दुप्पट होते. म्हणून लहान मैदानावर सी मोटर लावलेले हलके रॉकेट बहुधा हाती परत येत नाही आणि पहिल्या उड्डाणास ए८-३ सारखी मोटर पुरेशी असते. मोटर घरी तयार करून पैसे वाचवता येतात, ही समजूत तर जिवावर बेतणारी आहे: कारखान्यात तयार झालेली मोटर हीच या छंदाच्या सुरक्षिततेची मुळातली अट असून किटसोबत मिळणाऱ्या सूचना तीच मोटर गृहीत धरतात.