तिसरा आठवडा

सुट्टीवरून परत आल्यावर घरात शिरण्याची प्रत्येक कुटुंबाची एक ठरलेली रीत असते. आमच्याकडे आधी खिडक्या उघडतात, मग शेजारून पाच-सहा दिवसांचे पेपर येतात, दूधवाल्याला निरोप जातो आणि पिशव्या तशाच दारात ठेवून खिचडीचा कुकर चढतो. उद्यापासून पुन्हा डबे, पुन्हा ऑफिस, अशी एक लाडिक कुरकुर प्रत्येकाच्या तोंडी असते. यंदाच्या जानेवारीत गुहागरहून पुण्याला परतलो, तेव्हा हे सगळं तसंच झालं. कुरकुरीच्या जागी मात्र एकच वाक्य होतं : ‘सकाळी सातला रक्त घ्यायला माणूस येणार आहे.’

मला स्तनाचा कर्करोग झाला आहे. गाठ काढण्याचं ऑपरेशन दसऱ्याच्या सुमारास झालं आणि दिवाळीनंतर केमोथेरपी सुरू झाली. आधी दर एकवीस दिवसांनी एक असे चार डोस, मग दर आठवड्याला एक असे बारा, आणि त्यानंतर रेडिएशन. हे वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं आहे. पूर्वी त्या जागी गॅस सिलिंडरच्या तारखा असायच्या.

केमोच्या एकवीस दिवसांना एक चाल असते, ती पहिल्या दोन खेपांतच कळते. पहिला आठवडा मळमळीचा आणि अंथरुणाचा. दुसरा आठवडा दिसायला बरा, पण आतून धोक्याचा, कारण साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा गर्दी नको, उघड्यावरचं काही नको, आणि थर्मामीटर शंभरच्या वर सरकायला लागला की रात्र असो की पहाट, डॉक्टरांना फोन. मग येतो तिसरा आठवडा. तोंडातली ती लोखंडी चव जाते, जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही, पेपरातलं शब्दकोडं सोडवावंसं वाटतं.

तिसऱ्या डोसनंतरचा हा तिसरा आठवडा आम्ही गुहागरला माझ्या नणंदेकडे काढायचा ठरवला. डॉक्टरांनी परवानगी देताना एक यादीच हाती ठेवली : शिजवलेलं आणि गरम अन्न, उकळलेलं पाणी, उन्हात जायचं नाही, ऑपरेशनच्या बाजूच्या हातानं ओझं उचलायचं नाही, आणि चिपळूणमधल्या एका रुग्णालयाचा फोन नंबर खिशात.

उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला आणि हवेत ओल आली. वन्संनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘चहा टाकू, की आधी पेज घेतेस?’ तब्येतीची एवढीच काय ती चौकशी! पुण्यात तीन महिने जो तो माझ्याकडे बघताना मान थोडी तिरकी करायचा. ती तिरकी मान या घरात नव्हती.

पाच दिवसांत मी काय केलं? सांगण्यासारखं काहीच नाही. सकाळी पोफळींच्या वाडीत खुर्ची टाकून बसायचं. दुपारी मऊ भात, कुळथाचं पिठलं आणि उकळतं आमसुलाचं सार. त्या साराचा पहिला घोट घेतला तेव्हा जिभेला आंबट, तिखट, गोड असं वेगवेगळं कळलं आणि मी भांडं खाली ठेवून नुसतीच बसून राहिले. वन्संना वाटलं, तिखट झालं! ऊन कललं की सुरूच्या बनातून समुद्रावर जायचं. गुहागरचा किनारा लांबच लांब आणि एरवीच्या दिवशी बराचसा मोकळा असतो. तिथे डोक्याचा रुमाल काढला, तर बघायला फक्त कुत्रं होतं.

वन्संच्या अंगणात सदाफुली आहे, पांढरी आणि गुलाबी. शेजारच्या एका काकूंनी मोठ्या मायेनं सुचवलं, ‘हिची पानं रोज चावून खा, कॅन्सरवर हीच देतात म्हणे.’ असे सल्ले आमच्यासारख्यांना पोत्यानं मिळतात. गोमूत्रापासून गव्हांकुरांपर्यंत सगळं माझ्यापर्यंत पोचलेलं आहे. या सल्ल्यात मात्र अर्धं सत्य आहे. मूळच्या मादागास्करच्या या झाडातूनच १९५० च्या दशकात व्हिन्ब्लास्टिन शोधलं गेलं, आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन. व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. पण शेकडो किलो सुक्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं आणि ते तोलून मापून शिरेतून द्यावं लागतं. पानं चावून पोटात जाते ती न मोजलेली विषारी मात्रा, आणि तीही केमो चालू असताना! शिवाय माझ्या आजाराचं औषध वेगळंच. काकूंना मी एवढंच म्हटलं की डॉक्टरांना विचारते. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना विचारणार म्हटल्यावर त्याही खूश झाल्या.

परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा ओलांडला आणि पोटात ढवळून आलं. घाटातली वळणं केव्हाच मागे पडली होती, रस्ता सरळ होता. मला आठवला तो डे-केअर वॉर्डातल्या जंतुनाशकाचा वास, आणि तो आठवताच तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. औषध शरीरात जायच्या आधीच होणारी ही मळमळ केमोच्या पेशंटांत अनेकांना होते, डॉक्टरांच्या ती चांगल्या ओळखीची आहे. पावलोव्हच्या कुत्र्याला घंटेनं लाळ सुटायची, तसंच हे. १९९० च्या दशकात ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधं हाताशी आली आणि केमोनंतरच्या उलट्या पुष्कळ कमी झाल्या. पण जी मळमळ आठवणीतून येते, तिच्यावर ती फारशी चालत नाहीत. आदल्या रात्री मन शांत करणारी एक छोटी गोळी आणि सावकाश श्वास, एवढे दोन उपाय मला सांगितले आहेत.

घरी पोचल्यावर समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘अगंबाई, काय छान तुकतुकी आलीय चेहऱ्यावर! माहेरपण मानवलं. आता बरीच झालीस म्हणायची!’ त्यांचा हेतू चांगलाच होता. पण नेमकं तेच बरं वाटणं माझ्या आड येत होतं. पहिल्या डोसला मी गेले ती अजाणतेपणानं. दुसऱ्या-तिसऱ्याला गेले तेव्हा अशक्तपणाची इतकी सवय झाली होती, की आणखी थोडं त्यातच खपून गेलं. या वेळी मात्र पाच दिवस मनसोक्त जेवलेला, वाळूत चाललेला, रात्रभर गाढ झोपलेला देह आपल्या पायांनी चालत नेऊन त्या खुर्चीवर बसवायचा होता आणि सिस्टरपुढे हात धरायचा होता. आजारी माणूस बरं व्हायला दवाखान्यात जातो. मला बरी असताना आजारी पडायला जायचं होतं.

त्यात मनाचा एक चोरटा खेळ चालू होता. डोस द्यायचा की नाही, ते आदल्या दिवशीच्या रक्ततपासणीवर ठरतं. पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर डोस आठवडाभर पुढे जातो. तेव्हा मी देवाला काय मागावं? काउंट चांगला यावा म्हणावं तर उद्या केमो. कमी यावा म्हणावं तर... असो. बाराव्या दिवशी तो एक हजार नऊशे होता. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला : पाच हजार चारशे. निरोगी माणसाचा चार ते अकरा हजार धरतात. लेकीनं टाळी वाजवली आणि माझ्याकडे बघून हात खाली घेतले.

रात्री मी ह्यांना विचारलं, ‘नाहीच गेलं तर? गाठ तर काढलीय.’

हे भाषण देतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, ‘डॉक्टरांना फोन लावून देतो. मी दिलेलं उत्तर तुला पटणार नाही, आणि मलाही पटणार नाही.’

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. गाठ गेली असली तरी तपासणीत न दिसणाऱ्या पेशी कुठे उरल्या असतील तर त्यांच्यासाठी हे औषध आहे, म्हणाले. ते निरोगी पेशींनाही मारतं. हाडातल्या मगजाला त्यातून सावरायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून मध्ये एकवीस दिवस. फार अंतर पडलं तर मगजाबरोबर त्या दुसऱ्या पेशींनाही सावरायला वेळ मिळतो. ‘तुम्ही गुहागरला बसला होतात तेव्हाही ट्रीटमेंट चालूच होती, बाई. मगज काम करत होता. थांबायचं की नाही हा निर्णय तुमचा आहे. पण आज बरं वाटतंय एवढ्याच कारणानं तो घेऊ नका.’

बरं वाटणं हे आजार संपल्याचं प्रमाणपत्र आहे, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. तापात चालतं ते. इथे नाही. इथे ते फक्त पुढच्या डोससाठी शरीर तयार झाल्याची खूण आहे. हे मला आवडलं नाही, पण समजलं. मी ती छोटी गोळी घेतली आणि झोपले.

चौथा डोस झाला. माझं ते औषध लालभडक असतं, डॉक्सोरुबिसिन त्याचं नाव. शिरेबाहेर गळलं तर कातडी जाळतं, म्हणून सिस्टर शेजारी बसून मोठ्या सिरिंजनं हळूहळू सोडतात. त्याचं मूळचं व्यापारी नाव एड्रियामायसिन, एड्रियाटिक समुद्रावरून ठेवलेलं. दक्षिण इटलीत त्या समुद्राच्या बाजूला एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून हे घराणं सुरू झालं, असं लेकीनं शोधून काढलं आहे. पाच दिवस एका समुद्राकाठी काढून आल्यावर हा दुसरा समुद्र शिरेत! उलटी झाली ती घरी आल्यावर, आणि नेहमीइतकीच.

सध्या दर आठवड्याचे डोस चालू आहेत. सहा झाले, सहा राहिले. यात तिसरा आठवडा नसतो, त्यामुळे वाडी आणि समुद्र दोन्ही लांब. वन्संनी पाठवलेलं कुळथाचं पीठ डब्यात आहे. जीभ पुन्हा लोखंडाची झाली आहे, तरी पिठलं करायला सांगते, वासासाठी.

गेल्या मंगळवारी शेजारच्या खुर्चीवर इंदापूरकडच्या एक बाई होत्या. दुसराच डोस. सलाइन चालू असताना हळूच म्हणाल्या, ‘ताई, भावाच्या पोरीचं लगीन हाय. घरचे म्हणत्यात नको जाऊ, आजारी माणसानं कुठं हिंडतात व्हय. जाऊ का नको?’

मी म्हटलं, ‘डॉक्टरांना विचारा. आणि तारीख कितव्या दिवशी येते ते मोजा.’

त्यांचा एक हात सलाइननं अडकलेला. दुसऱ्या हाताच्या पेरांवर अंगठा टेकवत त्यांनी आजपासून मोजायला सुरुवात केली. मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ‘अठरावा,’ त्या म्हणाल्या, आणि सिस्टरला हाक मारून विचारलं की डॉक्टर राउंडला किती वाजता येतात.